बचाव ढिला, माणूस भला. सही करू का?

वाचकाचा प्रश्न

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावातून हे पत्र आलंय. लिहिणारे गृहस्थ पुण्याहून तिथे एमएस करायला गेले, नोकरी लागली आणि तिथलेच झाले. कॉलेज फुटबॉलचं वेड असं की मोसमाची तिकिटं आधीच काढलेली असतात. संघाला देणग्या देणाऱ्या बूस्टर क्लबचे ते सभासद आहेत आणि गेल्या वर्षापासून त्याच्या समितीवरही आहेत. यंदा संघाने पाच सामने जिंकले, सात हरले. बचावाची जबाबदारी असलेल्या कोचचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी २८ गुण मिळाले, यंदा ३३. हेड कोच म्हणतात, "तो राहणार." क्लबमधल्या काही वजनदार मंडळींनी विद्यापीठाचं क्रीडाखातं सांभाळणाऱ्या ॲथलेटिक डायरेक्टरसाठी पत्र तयार केलंय: याला काढा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या देणग्या थांबवू. रविवारपर्यंत सह्या हव्या आहेत.

अडचण अशी की या कोचचा मुलगा आणि पत्रलेखकांचा मुलगा एका वर्गात आहेत, जिवलग मित्र आहेत. दोन्ही घरच्या आया आलटून-पालटून मुलांना शाळेत सोडतात. "माणूस सज्जन आहे. सही केली तर पाठीत सुरा खुपसल्यासारखं वाटेल. नाही केली तर स्वतःशी खोटं बोलल्यासारखं, कारण बचाव वाईट आहे हे मलाही दिसतं. सगळ्यात मागे राखण करणारे दोन्ही सेफ्टी ऑक्टोबरमध्ये जायबंदी झाले, आमच्या आक्रमणानेही चेंडू फार वेळा गमावला, हे खरं. पण पहिल्या सामन्यात जो गोंधळ होता तोच शेवटच्या सामन्यात होता. त्यांना आणखी एक मोसम मिळायला हवा का?"

उत्तर

नमस्कार,

तुम्ही पुढच्या मोसमाकडे चांगुलपणाचं बक्षीस म्हणून बघताय. माणूस सज्जन, कष्टाळू, दुखापतींनी गांजलेला, तेव्हा त्याला एक संधी द्यावी. किंवा दोन वर्षं झाली, निकाल नाही, तेव्हा घरी पाठवावं. दोन्हीकडे हिशेब मागच्या खात्याचाच. पण तो मोसम काही एकट्या कोचचा नसतो. शंभरेक पोरांचा असतो, आणि त्यातल्या कित्येकांचा शेवटचा. म्हणून मला विचारायचंय ते वेगळं आहे: पुढच्या सप्टेंबरात मैदानावर नेमकं काय बदललेलं दिसेल, आणि ते कशामुळे? याचं उत्तर कोणाकडे असेल तर कोचने राहावं. नसेल तर सज्जनपणा त्या जागी पुरणार नाही.

हा फुटबॉल पायाने खेळत नाहीत एवढंच ठाऊक असलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि प्रत्येक बाजूला आपापला कोऑर्डिनेटर. बचावाचा कोऑर्डिनेटर प्रत्येक चालीआधी ठरवतो की कोण कोणावर नजर ठेवणार, कोण चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणार, मागची मोकळी जागा कोण सांभाळणार. निरोप मैदानावर जातो आणि काही सेकंदांत अकराही जणांना तो सारखाच कळावा लागतो. कबड्डीत साखळीतला एक हात सुटला की चढाईवाला नेमका तिथूनच निसटतो, इथेही तसंच. दहा जणांनी बरोबर केलं आणि एकाने वेगळं ऐकलं, तर समोरचा धावपटू सत्तर यार्ड एकटा पळतो.

आता तुमचे ते २८ आणि ३३. या आकड्यांवर मी फारसा विश्वास टाकणार नाही, तुम्हीही टाकू नका. तुमच्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू समोरच्याने पकडून थेट गोल रेषेपलीकडे नेला, तरी ते गुण त्याच सरासरीत बसतात, आणि तेव्हा बचावाचा एकही गडी मैदानावर नसतो. आक्रमणाने स्वतःच्याच वीस यार्डांवर चेंडू घालवला, तर बचावाला पाठ भिंतीला लावून उभं राहावं लागतं. आक्रमण घाईघाईत खेळून दीड मिनिटात परत येत असेल, तर बचाव दमलेला असतो आणि सामन्यात एकूण चालीही जास्त होतात. म्हणून जाणकार दर चालीमागे किती यार्ड दिले ते बघतात, थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्याच्या तिसऱ्या प्रयत्नात, समोरच्याला किती वेळा रोखलं ते बघतात, आणि समोर कोण होतं याची वजावट करतात. हे सगळं उघड मिळतं. एका संध्याकाळी बसून काढा. पाच गुणांच्या फरकातला बराच भाग तुमच्या आक्रमणाच्या नावावर निघाला तर मला नवल वाटणार नाही.

पण पत्रातलं एक वाक्य मला आकड्यांपेक्षा जड वाटलं. तुम्ही लिहिलंय की समोरचा खेळाडू एकटाच मोकळा पळत जातो, आणि त्याने चेंडू गोल रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केल्यावर आपली दोन पोरं एकमेकांकडे हात पसरून बघत राहतात: "तुझा होता ना तो?" सप्टेंबरमध्ये हे दिसलं, नोव्हेंबरमध्येही दिसलं. मध्ये ऑक्टोबरात त्यांनी रचनाच बदलली, पुढे चार गडी उभे करायचे ते तीन केले, तरीही दिसलं.

बचाव बऱ्याच कारणांनी फुटतो आणि ती सगळी कोचच्या माथी मारता येत नाहीत. समोरचा पोरगा निव्वळ जास्त वेगवान असेल, तर दोष खेळाडू निवडणाऱ्यांचा, किंवा तिजोरीचा. पोरगा योग्य जागी पोचला पण टॅकल निसटली, तर तो सरावाचा प्रश्न आणि थोडा थकव्याचाही. पण पोरगा योग्य जागी गेलाच नाही, कारण जागा कोणती तेच त्याला ठाऊक नव्हतं, तर ते शिकवणाऱ्याचं काम होतं. दुखापतींमुळे नवखे खेळाडू आले हे मान्य. मात्र नवख्यांना झेपेल इतकं सोपं करून देणं हाही शिकवण्याचाच भाग. ऐन मोसमात नवी रचना आणणं म्हणजे गोंधळलेल्या पोरांना आणखी एक पुस्तक पाठ करायला देणं झालं.

संयमाच्या बाजूने बोलणारे नेहमी जिम नोल्सचं उदाहरण देतात, आणि ते चांगलंच आहे. २०१८ मध्ये ते बचावाचे कोऑर्डिनेटर म्हणून ओक्लाहोमा स्टेटला आले. पहिल्या वर्षी त्या बचावाने सामन्यामागे तीसच्या वर गुण दिले. हेड कोच माइक गंडी यांनी त्यांना ठेवलं. २०२१ मध्ये हीच सरासरी अठराच्या आसपास आली. मग ओहायो स्टेटने त्यांना नेलं. तिथेही पहिलं वर्ष जिव्हारी लागणारं गेलं: २०२२ मध्ये कोलंबसमध्ये, म्हणजे घरच्याच मैदानावर, मिशिगनने ४५-२३ असं हरवलं, आणि मिशिगनचे पाच टचडाउन ४५ यार्ड किंवा त्याहून लांबून आले. त्याच मोसमाच्या शेवटी राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य सामन्यात जॉर्जियाने ४२-४१ असं बाहेर काढलं. पुढच्या वर्षी नोल्स यांनी जुगार कमी केला, समोरच्याच्या लांबच्या चाली बंद केल्या. २०२४ मध्ये देशातल्या वरच्या विभागात सगळ्यात कमी गुण देणारा बचाव ओहायो स्टेटचा होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले.

टेक्सासचे पीट क्वियाटकोव्स्की यांची गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. २०२१ मध्ये त्यांचं पहिलं वर्ष. ऑस्टिनमध्ये, स्वतःच्या घरी, कॅन्ससने ५७-५६ असं हरवलं. कॅन्सस म्हणजे तेव्हा ज्याला कोणीही हरवावं असा संघ. टेक्सासचा मोसम पाच विजय, सात पराभव असा संपला, अगदी तुमच्यासारखा. हेड कोच स्टीव्ह सार्किसियन यांनी क्वियाटकोव्स्कींना ठेवलं, पण "होईल नीट" म्हणून सोडून दिलं नाही. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे (टीसीयू) माजी हेड कोच गॅरी पॅटरसन, ज्यांची अख्खी कारकीर्द बचावावर उभी आहे, ते २०२२ साठी सल्लागार म्हणून आले. दोन वर्षांनी टेक्सास बारा सामने जिंकून पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, गेलं. ठेवलं, आणि सोबत काहीतरी बदललंही.

विरुद्ध बाजूला लॉस एंजेलिसचं यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. २०२२ मध्ये ॲलेक्स ग्रिंच यांचा बचाव बराचसा समोरच्याच्या हातून चेंडू हिसकावण्यावर तगला. असं यश दरवर्षी येत नाही, त्यात नशिबाचा वाटा मोठा. जानेवारी २०२३ मध्ये कॉटन बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात जेमतेम साडेचार मिनिटं उरली असताना ४५-३० अशी आघाडी होती, ती घालवून टुलेनकडून ४६-४५ असे हरले. बाहेर ओरड झाली. हेड कोच लिंकन रायली यांनी मात्र आपल्या जुन्या सहकाऱ्याला ठेवलं. पुढच्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनने ५२ गुण ठोकले आणि दुसऱ्या दिवशी ग्रिंच यांना काढलं, मोसमाचे दोन सामने शिल्लक असताना. केलेब विल्यम्ससारखा क्वार्टरबॅक हाताशी असलेलं अख्खं वर्ष त्यात गेलं. त्यांच्या जागी डी'अँटन लिन आले आणि सरासरी ३४ वरून २४ च्या आसपास उतरली. ग्रिंच यांना फुटबॉल कळत नव्हता असं कोणी म्हणू नये. याआधी वॉशिंग्टन स्टेटमध्ये त्यांनीच पडलेला बचाव उभा केला होता.

या सगळ्यांत माणसाच्या भलेपणाचा प्रश्न कुठेच निर्णायक ठरला नाही. जिथे ठेवणं फळलं, तिथे काय चुकतंय ते कळलेलं होतं आणि ते बदलण्याची काही सोय केलेली होती. जिथे फसलं, तिथे निष्ठेवर भागवलं.

मग तुमच्या कोचचं काय? मी हे शेकडो मैलांवरून, एका पत्राच्या आधारे सांगतेय, तेव्हा तेवढंच वजन द्या. पण आज जसं आहे तसंच, त्याच मदतनिसांसह, त्याच अधिकारांसह त्यांना तिसरं वर्ष द्यावं असं मला वाटत नाही. नोव्हेंबरमधला गोंधळ सप्टेंबरपेक्षा कमी असता तर मी उलट म्हटलं असतं, निकाल हेच असले तरी. सेफ्टींना शिकवणारा नवा कोच, वर एखादा अनुभवी सल्लागार, सोपी केलेली रचना, असं काही हेड कोच ठोसपणे सांगू शकले तर माझं मत बदलेल. "तो राहणार" हे दोन शब्द काही सांगत नाहीत.

आणि अर्धवट ठेवणं तर सगळ्यात वाईट. करार वाढवायचा नाही, पाठिंब्याचं निवेदन मात्र काढायचं. असा कोच नवे खेळाडू मिळवायला शाळकरी मुलांच्या घरी जाऊन "चार वर्षं मी सांभाळतो" म्हणतो तेव्हा समोरचे आईबाप काय समजायचं ते समजतात, आणि प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा माणूस त्यांना आठवण करून द्यायला तयारच असतो. बारावीतली मुलं कोणत्या विद्यापीठाकडून खेळणार यावर डिसेंबरच्या सुरुवातीला सह्या करतात, आणि विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंचं ट्रान्सफर पोर्टल आता जानेवारीत उघडतं. जे काही ठरायचं ते लवकर ठरावं, कोचसाठीसुद्धा. इतर संघांतल्या जागा याच दिवसांत भरतात. जानेवारीच्या शेवटी काढलेल्या माणसाला उरलेलं शोधावं लागतं.

तर सही करायची का? नको. बचाव वाईट नाही म्हणून नव्हे. त्या पत्रात फुटबॉल कमी आणि धमकी जास्त आहे म्हणून.

जरा बघा, ते पत्र पोचल्यावर काय होतं. कोऑर्डिनेटर नेमणं हे हेड कोचचं काम. डायरेक्टरने देणग्यांच्या भीतीने त्यात हात घातला, तर पुढचा कोऑर्डिनेटर हेड कोचचा राहत नाही, क्लबचा होतो. दोन वर्षांनी तोही अपयशी ठरला की हेड कोच हात झटकून म्हणतील, "मी कुठे आणला होता?" आणि पैसा दिला म्हणून आपलं मत इतरांच्या मतापेक्षा खरं, ही समजूत तुमच्या समितीत रुजलेली दिसते. ती समजूत महाग पडते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये हेड कोच जिम्बो फिशरना काढलं तेव्हा कराराप्रमाणे सात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. तुमच्या कोऑर्डिनेटरची रक्कम त्यापुढे किरकोळ असेल, तरी आता खेळाडूंनाही विद्यापीठ थेट पैसे देतं. २०२५ पासून तशी मुभा आहे आणि पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा दोन कोटी डॉलरच्या थोडी वर होती. अशा काळात घरी बसवलेल्या कोचला दिलेला प्रत्येक डॉलर बोचतो. तुमचं विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे करार बहुधा सार्वजनिक कागद आहे. मागवा आणि वाचा. किती वर्षं उरली, काढल्यास किती द्यावे लागतील, दुसरी नोकरी लागल्यावर ती रक्कम कमी होते का. सही मागणाऱ्यांपैकी कितींनी तो वाचलाय हे विचारलंत तर बैठकीतला आवाज आपोआप खाली येईल.

मात्र सही न करून गप्प बसू नका. समितीवर आहात, तुमच्याकडे मत मागितलंय. आधी समितीला एक गोष्ट सांगा: या कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. हे तुम्हीच सांगितलेलं बरं, दुसऱ्याने शोधून काढण्याआधी. मग तुमच्या एकट्याच्या नावाने डायरेक्टरना छोटी चिठ्ठी लिहा. तीत कोचला काढा किंवा ठेवा असं लिहू नका. विचारा: मोसमभर बचावात जो गोंधळ दिसला त्याचं कारण हेड कोच काय सांगतात, त्यासाठी पुढच्या वर्षी कोणती माणसं किंवा पद्धत बदलणार आहे, आणि हा निर्णय डिसेंबरात होणार की लांबणार? देणगीचा उल्लेखही नको. असं लिहिलेलं उद्या कोचने स्वतः वाचलं तरी तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही. ते पत्र मात्र तसं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर पोटात गोळा आलाय.

मैत्रीबद्दल. तुम्ही गृहीत धरलंय की हा माणूस तुमच्या सहीवर जगतो किंवा मरतो. या धंद्यात तसं होत नाही. ग्रिंच यूएससीतून निघाले आणि पुढच्याच मोसमात विस्कॉन्सिनमध्ये होते, त्यानंतर सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात (यूसीएफ) पुन्हा कोऑर्डिनेटर झाले. मिशिगनने २०२० नंतर बचावाचे कोऑर्डिनेटर डॉन ब्राउन यांच्याशी काडीमोड घेतला, दोन वर्षांच्या आत ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे हेड कोच झाले. कोचिंगमध्ये शिरताना ही माणसं जाणून असतात की घर भाड्याचंच बरं. खरी झळ लागते ती पोरांना, दर तीन-चार वर्षांनी शाळा बदलणाऱ्या. आणि ज्यांची नावं पेपरात येत नाहीत त्या हाताखालच्या कोचना. कोऑर्डिनेटर गेला की त्यांचंही चंबूगबाळं आवरायची वेळ येते. बक्कळ पगार वरच्याला, धक्का सगळ्यांना. यावर तुमच्या समितीत कोणी बोलत असेल असं वाटत नाही.

कोचच्या कानावर पत्राची बातमी घालावी का, असं तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. घालू नका. समितीतलं बाहेर नेलंत तर तुम्ही दोन्हीकडचे खबरे होता, आणि त्यांना ते ठाऊक नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. तुमच्या स्टेडियममध्ये शनिवारी काय आरोळ्या उठतात त्या त्यांच्या घरी ऐकू येत नाहीत का? त्यांना टाळू मात्र नका. शाळेच्या फाटकात भेटले तर फुटबॉल सोडून बोला, त्यांना तेवढाच विसावा. त्यांनीच विचारलं, "तुझं काय मत?" तर खरं सांगा, दोन वाक्यांत, सल्ला न देता.

हे पत्र छापायचं ठरवलं ते फुटबॉलसाठी नाही. शाळेच्या पालकसभेत एखाद्या शिक्षकाविरुद्ध, सोसायटीत व्यवस्थापकाविरुद्ध, क्रिकेट अकादमीत प्रशिक्षकाविरुद्ध सह्यांचा कागद फिरतो, तेव्हा आपल्यातले बरेच जण तो कसाबसा पुढे सरकवतात. कागद हातात आला की बघावं, यात काय चुकलं ते लिहिलंय की फक्त कोणाला घालवायचं ते? आणि हे सगळं ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या वरिष्ठाला कोणी आधी समोर बसून विचारलंय का? बऱ्याचदा विचारलेलंच नसतं. मग तेच पहिलं काम.

तुम्ही ती चिठ्ठी शनिवारी पाठवा, सह्यांच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे समितीतल्या लोकांना सांगता येईल की मी माझं म्हणणं आधीच कळवलंय. दोघे-तिघे तुमच्या मागे येतील असा माझा अंदाज आहे. सही न करण्याचं निमित्त शोधणारे तुमच्याखेरीजही असतीलच. मुलाला आत्ता काही सांगायची गरज नाही. निर्णय जाहीर झाला आणि ते कुटुंब जाणार असं ठरलं, तर त्या रात्रीच सांगा, शाळेत कळायच्या आधी. आणि दोन्ही मुलांची नाताळच्या सुट्टीतली भेट आत्ताच ठरवून टाका.